कॉलिन्स साहेबांचा एक मासा

बहरीनचा समुद्र आपल्याकडच्यासारखा नाही. आपला समुद्र अंगावर येतो, गरजतो, किनाऱ्यावरच्या माडांना हलवून सोडतो. बहरीनचा समुद्र पूर्वेच्या अंगाला इतका उथळ आहे की ओहोटी लागली की तो उठून निघूनच जातो. सकाळी जिथे होड्या डुलत होत्या तिथे दुपारी माणूस चपला हातात घेऊन चालताना दिसतो. मागे उरतं ते घोटाभर, फार तर गुडघाभर पाणी, आणि तेही असं नितळ की तळाच्या वाळूवर आपली सावली पडते. त्या पाण्यात मी बकरी ईदच्या सुट्टीत तीन दिवस चाललो. गावाला आलो की लोक सोन्याचं विचारतात, टेपरेकॉर्डर कुठल्या कंपनीचा आणलास ते विचारतात. पाण्याचं अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून आपण होऊनच सांगतो.

आधी माझी ओळख. गाव राजापूर तालुक्यात, पण वर, घाटाच्या पायथ्याला. समुद्र आम्हाला एस.टी.ने जाऊन बघावा लागतो. बहरीनमध्ये मात्र रत्नागिरी जिल्हा म्हटलं की सगळ्यांची समजूत, हा होडीतच जन्मला. मला पोहता येत नाही. शाळा आठवीत सुटली. सितऱ्याच्या कारखान्यांच्या बाजूला पाइपलाइनचे चर खणायला म्हणून मी गेलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात चरात भोवळ येऊन पडलो. मला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं ते कॉलिन्स साहेबांनी. एवढ्यावर थांबले असते तरी मला जन्मभर पुरलं असतं. पण मी बरा झाल्यावर त्यांनी मला परत चरात उतरू दिलं नाही. गाडी शिकायला लावली. परीक्षेत नापास झालो तेव्हा रागावले नाहीत, पुन्हा बसवलं, आणि पुढे आपला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. उन्हातून सावलीत आणलं मला त्या माणसाने.

ते साहेब आता कायमचे विलायतेला निघाले होते. ईद झाली की विमान. मला एकच घोर लागला होता, या माणसाला मी काय देणार? ड्रायव्हर साहेबाला देणार तरी काय? मिठाई म्हणावी तर डॉक्टरने साखर बंद केलेली. घड्याळ त्यांच्याकडे होतं ते माझ्या बापजन्मात मी घेतलं नसतं. असल्या विचारांनी मला जेवण जात नसे, स्वभावच तसा आहे माझा. व्हिसा रिन्यू व्हायला महिने असले तरी मी आजपासून काळजी करणार. पण साहेबांना या देशात एक गोष्ट हवी होती आणि ती मिळाली नव्हती, हे मला ठाऊक होतं. एक मासा.

खायला नव्हे. बाजारात मासा ढिगाने होता. साहेबांकडे एक लांब, शेंड्याला बोटभरही जाड नसलेली काठी होती, त्यांच्या वडिलांची. तिच्या गळाला आमिष नाही. ना कोळंबी, ना गांडूळ. गळाभोवती पिसं, केस आणि चमकीचा दोरा बांधून ते त्याची माशी बनवत. मग जाड दोरी डोक्यावरून मागे-पुढे अशी फिरवायची की ती हवेत उलगडत जाते आणि शेवटी ती माशी पाण्यावर अलगद टेकते. मासा फसला तर फसला. त्यांच्या मुलखात खडूच्या डोंगरातून झरे निघतात आणि त्यांच्या नद्या होतात, काचेसारख्या, तिथे त्यांचे वडील अशी मासेमारी करायचे. खडूशी माझा संबंध आठवीतच संपला होता, त्यामुळे डोंगरच्या डोंगर खडूचा असतो हे मी निमूट ऐकून घेतलं. तीच काठी घेऊन साहेब सुट्टीच्या दिवशी सीफच्या किनाऱ्याला खाऱ्या पाण्यात एकटे उभे राहायचे. तिथेही आता भराव टाकणारे ट्रक येऊ लागले होते. इतक्या वर्षांत त्यांना एकही मासा लागला नव्हता. त्यांच्या क्लबातले गोरे हसायचे त्यांना. एकदा गाडीत ते बाहेर बघत मला म्हणाले होते, "जायच्या आधी एक हवा होता, गनपत."

तो एक मी मिळवून देणार असं मी ठरवलं. झिंजच्या खोलीवर हे बोललो तर माझा खोलीभाऊ पास्कल, वसईचा, हॉटेलात कुक, हातातली सुरी खाली ठेवून हसायला लागला. म्हणाला, "साहेब माश्या मारायला निघाला आणि तू त्याचा ड्रायव्हर. शोभताय दोघं." पण हसून झाल्यावर त्यानेच तीन दिवसांच्या उकडलेल्या अंड्यांची आणि चपात्यांची सोय केली, आणि मला बजावलं की खोल पाण्यात गेलास तर तुझ्या आईला तार मी करणार नाही.

मआमीर

सितऱ्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांना लागूनच मआमीर नावाचं गाव आहे. पुढे खाडी, मागे धूर. तिथे अबू जासिम राहायचा. समुद्रात त्याचा हद्रा होता. हद्रा म्हणजे खजुरीच्या झावळ्यांच्या काठ्या वाळूत रोवून केलेलं भलंमोठं कुंपण. भरतीबरोबर मासा आत येतो, ओहोटीला त्याला बाहेरची वाट सापडत नाही, आणि मालक टोपली घेऊन चालत जाऊन वेचून आणतो. आपल्याकडे परसात जाऊन भेंडी तोडावी तसं. मी चर खणायचो तेव्हा अबू जासिम आमच्या मजुरांच्या कॅम्पच्या फाटकाशी मासे विकायला बसायचा. त्याच्या टोपलीपाशी उकिडवं बसूनच मी माझं मोडकंतोडकं अरबी शिकलो. तोही तरुणपणी खजूर भरलेल्या लाँचवर मुंबईला जाऊन आलेला. त्याचं हिंदी तिथलंच, त्यात निम्म्या शिव्या आणि निम्मी खाण्याची नावं.

मी त्याला पिसांची माशी दाखवली. त्याने ती हुंगून बघितली, दाढीला घासून बघितली आणि विचारलं की मासा काय केस खातो? मिस्तरला मासाच हवा तर हद्र्यात यावं आणि हाताने उचलावा, त्याच्याकडून ईदची भेट. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, चरात पडलो तिथपासून. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गनबत, तुझ्या माणसाला मी माझं पाणी दाखवतो. मासा अल्लाने दाखवायचा." अरबांच्या जिभेवर 'प' बसत नाही, त्यामुळे तिथे मी कायम गनबत.

ईदच्या दिवशी दुपारी आम्ही तिघे खाडीत उतरलो. उतरण्याआधी अबू जासिमने आम्हाला चालायला शिकवलं. वाळूत पाकट पडून राहिलेली असते, तिच्या शेपटीला काटा. पाय उचलून टाकला तर तिच्या पाठीवर पडणार. म्हणून पाऊल उचलायचं नाही, घासत पुढे न्यायचं. साहेब सहा फुटांचे, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली, डोक्यावर काठ लोंबणारी टोपी, आणि नव्या नवरीसारखे पाय घासत चाललेले. मी त्यांच्या मागे, पण घोट्याच्या वर पाणी आलं की तिथेच थांबायचो. साहेबांनी वळून हाक मारली की म्हणायचो, इथून नीट दिसतंय सर.

त्या दिवशी पाण्यात जीव नव्हता. भांगेचं पाणी, ना धड चढत ना उतरत. साहेब दोरी फेकत राहिले. ती दोरी हवेत अशी उलगडायची की मासा नसला तरी बघत राहावं. गावातली माणसं नवे कपडे घालून किनाऱ्यावर जमली, डोंबाऱ्याच्या खेळाला जमावी तशी. पोरं प्रत्येक फेकीला ओरडायची. त्या गडबडीत मागे गेलेली दोरी हद्र्याच्या काठ्यांत अडकायची आणि माशी तुटून राहायची. एक गेली, दुसरी गेली, आणि उन्हं कलायच्या आत साहेबांची डबीच रिकामी झाली.

मला वाटलं, संपलं. पण अबू जासिमने आम्हाला घरी नेलं. आपल्याकडे गणपतीत जसा दारावरून जाणारा कुणी उपाशी जात नाही, तशी तिथे ईद. मोठ्या परातीत भात, त्यावर बोकडाचं मटण, सगळ्यांनी भोवती बसून एकाच परातीतून खायचं. साहेबांना मांडी घालता येईना, ते पाय एका बाजूला काढून उंटासारखे बसले. जेवताना त्यांचं लक्ष अंगणाकडे गेलं. सकाळी कापलेल्या बोकडाचं कातडं मीठ लावून दोरीवर टाकलेलं होतं, शेपटीचे केस पांढरेशुभ्र. साहेबांनी मला विचारलं, मी अबू जासिमला विचारलं, त्याने कात्री आणली. मग हात धुऊन साहेब ओट्यावर बसले आणि त्या शेपटीच्या केसांच्या माश्या बांधू लागले. अबू जासिमची बायको पडद्याआडून बघत होती. तिने आतून शिवणकामाचा चंदेरी दोरा पाठवला. मी साहेबांची बोटं तोवर फक्त स्टिअरिंगवर आणि नकाशावर बघितली होती. अबू जासिम माझ्या कानाशी म्हणाला की हा माणूस लहानपणी बहिणींत वाढला असणार.

अस्कर

दुसऱ्या दिवशी गाडीने दक्षिणेला, अस्करच्या पुढे. तिथे किनाऱ्याला सबखा असते. वरून जमीन दिसते पण मिठाचा पापुद्रा असतो, खाली चिखल. मी साहेबांना म्हटलं होतं की गाडी रस्त्यावरच ठेवू. अबू जासिम म्हणाला, यल्ला, चला, मी लहानपणापासून इथून जातोय. तो लहानपणापासून गाढवावरून जात होता हे नंतर कळलं. गाडी दारापर्यंत रुतली. कंपनीची गाडी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्यांपुढे विमान दिसायला लागलं, साहेबांचं नाही, माझं. साहेबांनी शर्ट काढला, तिघांनी पडलेल्या झावळ्या गोळा करून चाकांखाली घातल्या आणि ढकलून ढकलून ती बाहेर काढली. तिघेही नखशिखांत चिखलात. साहेबांनी मला बघितलं, मी साहेबांना बघितलं, आणि ते जे हसत सुटले ते पाण्यात उतरेपर्यंत हसत होते. साहेबांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अंग धुवायला म्हणून अबू जासिमने आम्हाला थोडं आत नेलं. एका जागी समुद्राच्या तळातून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, भोवतालची वाळू नाचत होती. त्याने ओंजळ त्या उकळीत खोल बुडवली आणि साहेबांपुढे धरली. मी ओरडणार होतो की खारं आहे सर. साहेब प्यायले. मग मलाही दिलं. गोडं पाणी. समुद्राच्या पोटात, गार, गोडं पाणी. पूर्वी मोती काढणारे लोक बुडी मारून असल्याच झऱ्यांवर पखाली भरायचे म्हणे. आता हे झरे एकेक करून आटत चाललेत, असं तो म्हणाला.

साहेब गुडघ्यावर बसले आणि त्या वाळूच्या नाचाकडे बघत राहिले. त्यांच्या नदीच्या उगमाशी अगदी असंच होतं, म्हणाले. वडील त्यांना तिथे नेऊन बसवायचे आणि सांगायचे, आधी पाणी बघायला शिक, काठी नंतर. मी त्यांना आमच्या गावच्या पऱ्याबद्दल, म्हणजे ओढ्याबद्दल सांगितलं. आम्ही पोरं दगडाखाली हात घालून मासा चापायचो, काठी नाही की दोरी नाही. साहेबांनी ते नीट विचारून घेतलं, हात कुठून घालायचा, अंगठा कुठे. मला बरं वाटलं. मला काही विचारावं असं मला येत असलेलं फारसं काही नाही.

आणि मासा पहिल्यांदा दिसला तो तिथेच. साहेबांनाच दिसला. अबू जासिम दुसरीकडे बोट दाखवत होता आणि साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवलं. लांब, उथळ पाण्यात ऊन चमकल्यासारखं काहीतरी वर यायचं आणि लपायचं. मासा तोंड वाळूत खुपसून किडे शोधत होता आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर येत होती. शअम, अबू जासिम कुजबुजला. चांदीसारखा असतो, पर पिवळे, आणि डोकं भारी चलाख.

साहेब वाकले आणि चालू लागले. इतके हळू की बगळ्याने शिकावं. ते थांबले, दोरी हवेत उलगडली, माशी माशाच्या पुढ्यात पडली. मासा वळला. तो माशीकडे निघाला हे मलासुद्धा दिसलं. त्याच क्षणी माझ्या बाजूने काहीतरी धावत गेलं. अबू जासिम. त्याला राहवलं नव्हतं. कमरेची गोल जाळी त्याने काढली, हवेत भिरकावली आणि माशासकट, माशीसकट, साहेबांच्या दोरीसकट सगळं एका झटक्यात झाकून टाकलं. मग फडफडणारा मासा दोन्ही हातांवर धरून तो साहेबांपुढे आला आणि मुंबईच्या हिंदीत म्हणाला, "लो सेठ, हो गया."

साहेबांचं तोंड मला आजही दिसतं. रागावणं त्या माणसाला येत नव्हतं. ते थँक्यू म्हणाले, वर दोनदा म्हणाले, आणि मग तिथेच पाण्यात बसले.

परतताना मी अबू जासिमला समजावलं की त्यांना मासा हातात नकोय, त्या काठीला लागलेला हवाय. तो म्हणाला, मासा तोच ना? मी म्हटलं, तोच, पण तसा नाही. मग त्याने विचारलं, म्हणजे घोडा विकत घ्यायचा नाही, शर्यतीत जिंकायचा? मी म्हटलं, अगदी तसंच. "आणि जिंकल्यावर खायचा?" मी म्हटलं, "खायचाच. दुसरं काय करणार माशाचं?" तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

फश्त

आता एकच ओहोटी उरली होती. उद्या साहेबांचं सामान बांधायचं, परवा ते जाणार. अबू जासिम म्हणाला की पौर्णिमा जवळ येते आहे, पाणी आज लांब जाईल, आज फश्तावर जाऊ. फश्त म्हणजे सितऱ्याच्या पूर्वेला समुद्राच्या मधोमध असलेला उथळ खडक आणि वाळूचा पट्टा. ओहोटीला तो वर येतो, भरतीला गडप. होडीनेच जावं लागतं.

अबू जासिमला वाटलं होतं, कोकणातला माणूस, इंजीन मी सांभाळीन. मी फळी दोन्ही हातांनी धरून बसलो ती उतरेपर्यंत सोडली नाही. येतील तेवढी स्तोत्रं म्हटली, आठवेनात तेव्हा पाढे म्हटले. साहेब पुढे तोंड करून बसले होते, काठी मांडीवर आडवी.

पण तुम्हाला सांगतो, तिथे उतरलो आणि भीती जरा वेळ विसरलो. चारी बाजूंना समुद्र, किनारा म्हणजे लांब एक राखाडी रेघ, त्यावर धुराडी काड्यांएवढी, आणि आपण मधोमध घोटाभर पाण्यात उभे. जणू समुद्राने तळहात पुढे केलाय आणि आपण त्यावर उभे आहोत. लांब रांगेत लाल-पांढरे रोहित पक्षी उभे होते. पाणी इतकं शांत की रोहितांचे पाय दुप्पट लांब दिसत होते.

सकाळभर काही झालं नाही. साहेबांनी एकदा फेकलं ते वाऱ्याने वळवलं, एकदा मासा आला आणि बोकडाच्या केसांकडे बघून परत गेला. अबू जासिमने कमरेची जाळी स्वतःहून होडीत ठेवली होती आणि हात पाठीमागे बांधून चालत होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मी घड्याळाकडे बघायचं सोडलं. मग अबू जासिमने खाली बघितलं. पाण्यातलं शेवाळ आतापर्यंत बाहेरच्या दिशेला झुकत होतं, ते सरळ उभं राहिलं होतं. भरती लागत होती. त्याने मला सांगितलं, आता थोडाच वेळ, मग होडीत बसायचं, इथे डोक्यावरून पाणी जातं. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "इट्स ऑल राइट, गनपत," आणि माझ्या पाठीवर थोपटलं. निघायच्या तयारीने त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली.

तेव्हा शेपट्या दिसल्या. वर चढणाऱ्या पाण्याबरोबर मासे फश्तावर चरायला येत होते. साहेबांनी दोरी सोडली. पुढचं सगळं मी पाहिलं, पण क्रमाने आठवत नाही. माशी पडली. साहेबांनी ती बोटाने किंचित ओढली, कोळंबी दचकते तशी. शेपटी नाहीशी झाली. दोरी ताणली, काठी वाकून अर्धी गोल झाली आणि काठीवरचं दोरीचं चाक असं किंचाळलं की रोहित उडाले. मासा समुद्राकडे निघाला, साहेब त्याच्या मागे पाय घासत, अबू जासिम साहेबांच्या मागे अल्लाचं नाव घेत, आणि मी त्यांच्यामागे. तो लांब गेला, परत आला, पुन्हा गेला. साहेब त्याच्याशी बोलत होते, इंग्रजीत, हळू, लहान मुलाशी बोलावं तसं. शेवटी तो थकून त्यांच्या पायांशी आला आणि साहेबांनी वाकून त्याला हातात घेतलं.

केवढा देखणा मासा. पसरलेल्या पंजाहून कितीतरी मोठा, रुप्यासारखा, पर हळदीत बुडवल्यासारखे. साहेबांनी गळ काढला. टोपी मागे सरकली होती आणि ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. मिळाला. साहेबांना एक मिळाला.

मग त्यांनी हात पाण्यात खाली नेले आणि मुठी सैल झाल्या.

मला दिसलं ते एवढंच: मासा साहेबांच्या हातून निसटतोय. इतक्या वर्षांनी मिळालेला, शेवटच्या दिवशीचा एकुलता एक मासा निसटतोय आणि साहेबांना भान नाही. मी विचार केला नाही. विचार केला असता तर मी कोण ते मला आठवलं असतं. मी ओरडून सरळ पालथा पाण्यात पडलो, पाकटी, खोल पाणी, सगळं विसरून. डोळे मिटलेले, नाकातोंडात खारं पाणी, पण हातांना पऱ्यातली सवय. डोक्यामागे अंगठा, कल्ल्यात बोटं. माशाच्या पाठीवरचा काटा तळहातात घुसला तरी सोडला नाही. उठलो तेव्हा मासा छातीशी होता, माझी टोपी वाहत चालली होती, आणि मी ओरडत होतो, "मिळाला सर, गेला नाही, मिळाला."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "गनपत," ते म्हणाले, "तुला पोहता येत नाही." पाणी माझ्या नडगीएवढं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी त्याला सोडत होतो."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं की ते, त्यांचे वडील, त्यांच्या ओळखीतले सगळे असेच करतात. पकडायचा, बघायचा आणि जाऊ द्यायचा. त्या काठीने धरलेला मासा त्यांनी उभ्या आयुष्यात खाल्ला नव्हता. मी जागच्या जागी विरघळलो. म्हणजे साहेबांचा शेवटचा आनंदही मीच मातीत घातला होता. मी मासा खाली नेऊ लागलो.

"थांब," अबू जासिम म्हणाला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण काय झालं ते सगळं कळलं होतं. मिस्तरला सांग, म्हणाला, की हद्र्यातून मासा सुटला तर तो हद्रावाल्याचा राहत नाही. मग तो ज्याच्या हाताला लागेल त्याचा. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. "मिस्तरने सोडला. गनबतने धरला. मासा गनबतचा. खलास."

मी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. साहेबांनी मान डोलावली, गंभीरपणे, जणू कोर्टात निकाल लागलाय. मग मला विचारलं, "मग तू काय करणार आहेस तुझ्या माशाचं?"

तुझ्या माशाचं. पाणी पोटरीवर चढत होतं, मासा माझ्या छातीवर धडका देत होता. साहेबांना तो जगावा असं वाटतंय, सोडलेला बरा, असं एक मन म्हणत होतं. आणि दुसऱ्या मनात काही निराळंच येत होतं. इतकी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापुढे मला कधी ताट मांडता आलं नव्हतं. खोली माझी नाही, गाडी माझी नाही, अंगावरचा शर्टसुद्धा कंपनीचा. आणि आत्ता या क्षणी, समुद्राच्या मधोमध, माझ्या हातात माझी म्हणून एक वस्तू होती.

मी म्हटलं, "सर, तुम्ही आज माझ्याकडे जेवायला या."

साहेबांनी पाण्याकडे बघितलं, जिथून ते मासे आता लांब गेले होते तिकडे. काठीवरून एकदा हात फिरवला. "आय वुड बी ऑनर्ड," ते म्हणाले. याचा अर्थ मी नंतर पास्कलला विचारला. सूर मात्र तेव्हाच कळला होता.

मआमीरच्या किनाऱ्यावर अबू जासिमची झावळ्यांची झोपडी होती, जाळी विणायला बसायची. तिथे मी चूल मांडली. नारळ नाही, कोकम नाही. त्याच्या बायकोने कांदे, टोमॅटो, लसूण, लाल तिखट आणि वाळवलेली काळी लिंबं पाठवली. ती लिंबं फोडून टाकली की आंबटपणाला एक धुरकट वास येतो. पहिल्यांदा टाकली तेव्हा हात थबकला, पण चव घेतली आणि म्हटलं, चालेल. जखमेत तिखट जाऊन तळहात पेटला होता. डोकं, मधले तुकडे, शेपटी, काही वाया घालवलं नाही. अबू जासिम मध्येच झाकण उघडून बघायचा आणि म्हणायचा, मुंबईत असला वास यायचा.

भात आला. मी साहेबांना चटईवर बसवलं. पानात काय आधी वाढायचं यावरून माझं आणि अबू जासिमचं वाजलं. तो म्हणाला, पाहुण्याला डोकं. मी म्हटलं, आमच्याकडे पोटाकडचा तुकडा. शेवटी दोन्ही वाढलं. अबू जासिमने मला खाली ओढलं, तूही बस. मी बसलो नाही. आमच्याकडे ज्याने बोलावलं तो मागाहून जेवतो.

साहेबांनी चमचा मागितला नाही. भाताचा घास त्यांच्या बोटांतून सांडत होता. काटे काढता येईनात, मग ते जिभेने शोधून काढून शिस्तीत ताटाच्या कडेला लावू लागले. तिखटाने त्यांचा चेहरा लाल झाला, नाक वाहायला लागलं, आणि मला धास्ती पडली की आता ताट सारतील. बाहेर भरतीचं पाणी वाळूवर चढत होतं.

साहेबांनी रश्शाचा शेवटचा थेंब बोटाने पुसून घेतला आणि कॅम्पातल्या हिंदीत मला विचारलं, "गनपत, और है?"

होतं. मी वाढलं.